तीन पाण्यांची वाट

माझ्या सासऱ्यांएवढा नगर तालुका पायाने आणि घशाने ओळखणारा माणूस आजवर झाला नाही आणि यापुढे होण्याची शक्यता नाही. धंद्याने ते घड्याळजी. बाजारात त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं आणि आठवड्याचे सहा दिवस उजव्या डोळ्याला भिंग अडकवून ते लोकांच्या घड्याळांच्या पोटात डोकावत बसत. सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, "सहा दिवस नजर टीचभर जागेत बांधून ठेवायची, तर एक दिवस तिला चरायला सोडायला नको का?" असं म्हणून सायकलवर टांग मारत आणि गावाबाहेर पडत. गावभराची घड्याळं वळणावर आणणाऱ्या या गृहस्थांचं स्वतःचं मनगट मात्र मोकळं होतं. वेळ ते सावलीवरून सांगत आणि ती हमखास अर्ध्या तासाने चुके. जेवायला येतो म्हणून गेलेले सासरे दिवेलागणीला उगवत, आणि सासूबाई दुसऱ्यांदा भाकरी टाकता टाकता म्हणत, "आले बाई एकदाचे! मला वाटलं, आज वांबोरीलाच बिऱ्हाड केलं."

त्यांच्या अंतराच्या हिशोबाला तर जगात तोड नव्हती. माझं लग्न झालं त्या सुमारास रस्त्याकडेचे मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले होते. सासऱ्यांनी दोघांनाही मान्यता दिली नव्हती. ते अंतर पाण्यात मोजत. वाटेत तहान लागून कुणाच्या तरी दारात थांबावं लागतं, तितक्या पाण्यांची ती वाट. कापूरवाडीचं तळं एक पाणी. चांदबिबीचा महाल जाताना दीड पाणी आणि चढ उतरून येताना एक. डोंगरगण तीन पाणी. भिंगारचं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "भिंगार हे काय अंतर आहे? तिथं माणूस कोरड्या घशाने जातो." बरोबर पाणी घ्यायला त्यांची सक्त मनाई होती. एका रविवारी मी गुपचूप पिशवीत बाटली घातली, ती त्यांनी वेशीपाशीच काढून पानवाल्याकडे ठेवायला दिली. "जावईबापू, पाणी घेऊन निघालेला माणूस कुणाच्या दारात कशाला थांबेल? आणि थांबायचंच नसेल तर मग एस.टी. काय वाईट?" एस.टी.ने गेलेला माणूस त्या गावाला गेला, असं ते धरतच नसत.

माझं लग्नसुद्धा या पाण्यावरच जमलं. मी बदलीवर नगरला आलेला पुणेरी कारकून. मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांची बशी हातात येण्याआधी सासऱ्यांनी विचारलं, "सायकल येते?" पगार, पत्रिका, गोत्र यांतलं काही नाही. येते म्हटल्यावर मला तिथल्या तिथे उठवून कापूरवाडीला नेलं. तिथल्या एका मळ्यात म्हातारबांनी पुढे केलेला तांब्या मी रुमालाने पुसायला गेलो, तेवढ्यात सासऱ्यांची नजर माझ्यावर पडली आणि मी रुमाल मुकाट्याने खिशात घातला. परतल्यावर ते सासूबाईंना एवढंच म्हणाले, "चालेल. सुधारण्यासारखा आहे." पोहे तोवर गार झाले होते. मुलीला मी नीट पाहिलं ते थेट साखरपुड्याला.

पुढे दर रविवारी मला त्यांच्या मागे जावं लागे. जावं लागे असं मी तेव्हा म्हणत असे. खरं म्हणजे शनिवारी संध्याकाळीच मी चाकात हवा भरून ठेवी. बैलगाडी दिसली की तिला मागे टाकून पुढे जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. गाडीच्या बरोबरीने सायकल इतकी सावकाश चालवत की मी दोनदा चारीत पडलो, आणि गाडीवानाशी बैलाच्या खुरापासून त्याच्या मेव्हण्याच्या लग्नापर्यंत सगळं बोलून होईतो फाटा येई. प्रत्येक वाटेची नोंद एका वहीत असे. "शेंडीच्या पुढे वाकडी बाभूळ, तिथून उजवीकडे. कुत्रं भुंकतं, चावत नाही. पाणी गोड." शेवटी पाण्याची चव असायचीच: गोड, मचूळ, जड, लोखंडी. डोळे मिटून घोट घेतला की विहीर कुठली ते सांगत. फक्त नगरच्या नळाच्या पाण्याला त्यांच्या वहीत जागा नव्हती. "त्याला चवच नाही," म्हणत, "ते पाणी कुणी दिलेलं नसतं, नुसतं येतं."

त्या वाकड्या बाभळीपाशी पारूबाईंचं घर होतं. डोंगरगणच्या वाटेवरचं दुसरं पाणी त्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात सारवलेलं अंगण आणि सासऱ्यांनी सायकल टेकवायची ठरलेली लाकडी मेढ. त्या लोकांनी धर्म बदलला त्याच्या आधीपासून सासरे तिथं पाणी पीत होते. तेव्हा घरचे आणि आळीतले पुष्कळ बोलले, असं सासूबाईंकडून मला कळलं. त्यांनी स्वतः तो विषय कधी काढला नाही. पारूबाई त्यांना भाऊ म्हणत. गुळाचा खडा, तांब्या, आणि "बसा वाईच, उन्हाचं लगीच निघू नका," हे ठरलेलं.

मग तो बाहत्तरचा दुष्काळ आला. पहिल्यांदा विहिरी तळाला गेल्या, मग वाटा बदलल्या, कारण बायाबापड्यांनी पाण्यासाठी रानातून नव्या पाऊलवाटा पाडल्या. पारूबाईंचा मुलगा आणि सून खडी फोडायला कामावर जात आणि पाणी आणायचं पारूबाईंकडे आलं. एका रविवारी आम्ही बाभळीच्या अलीकडे पोचलो, तर त्या ओढ्यातून वर चढताना दिसल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. दर चार पावलांनी थांबत होत्या. सायकली घेऊन वळसा घालून आम्ही पोचेतो त्या घरी पोचल्या होत्या आणि नेहमीसारखा गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या. सासऱ्यांनी तांब्याकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुठल्याही दारातलं पाणी नाकारलं नव्हतं, तो म्हणाला, "नको बाई. आज तहान नाही."

तहान नाही म्हणताना त्यांची जीभ टाळूला चिकटली होती, ते मला ऐकू आलं. पारूबाई "बरं," म्हणाल्या आणि तांब्या आत घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी त्या बाहेर आल्याच नाहीत. सासऱ्यांनी दोनदा घंटी वाजवली, तेव्हा उंबऱ्यापाशी आल्या आणि तिथूनच बोलल्या. "तुमाला तहान नसंल, भाऊ."

"तसं नाही बाई..."

"आमी बौद्ध हुन्याच्या आधीपसून पिलात. तवा लोक काय काय बोलले, तरी पिलात. मी माज्या सुनंला सांगायची, समदे सारके नसत्यात. मंग आताच काय झालं? कोनी काय बोललं का तुमाला?"

सासऱ्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुमचं पाणी फार लांबून येतं, म्हणून नको म्हटलं, एवढंच सांगायचं होतं; पण ते सांगणं म्हणजे त्यांच्या दारिद्र्यावर बोट ठेवणं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सायकल वळवली. आम्ही डोंगरगणला न जाता तिथूनच मागे फिरलो. वाटेत एक बैलगाडी होती. सासरे तिला मागे टाकून पुढे गेले, आणि मला भीती वाटली. त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटसुलट बसवले. जेवताना मध्येच हात थांबे. "अठरा-वीस वर्षं," असं एकदा पुटपुटले, "आणि मी एका शब्दात घालवली."

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो, तर ओट्यावर गोडेतेलाचे दोन डबे घासूनपुसून, नळाच्या पाण्याने भरून ठेवलेले. गावातही नळ दिवसाआड यायचा. सासूबाईंनी दोन दिवस धुणं ठेवून ते पाणी वाचवलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. डबे कॅरियरला बांधून आम्ही सायकली हातात धरून निघालो. माझा डबा गळत होता. शेंडीपाशी एकाने विचारलं, "राकेल हाय का वो, राकेल?" दुसरा म्हणाला, "घड्याळवाले, धंदा बदलला व्हय?" एरवी सासऱ्यांनी तासभर गप्पा मारल्या असत्या. त्या दिवशी ते नुसते ढकलत राहिले. पाणी बरोबर घेऊन निघालेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

पारूबाई अंगणात होत्या. सासऱ्यांनी सायकल मेढीला टेकवली आणि हात जोडले. "बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. तहान होती. तुम्ही ओढा चढताना मला दिसलात आणि घोट घेववेना. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. हे तुमच्या रांजणात ओता आणि मला तुमच्या तांब्याने द्या."

पारूबाई डब्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पावन्यानं पानी आनायचं आन् घरच्यानं द्याचं? ह्यो कंचा रिवाज?"

"पाहुण्याने नाही. भावाने."

त्यांनी पदराने डोळे टिपले, आत जाऊन रांजणावरचं झाकण काढलं आणि तिथूनच हाक मारली, "आना की मंग. सांडू नका."

पाणी ओतून झालं. गुळाचा खडा आला, तांब्या आला. सासरे गटागटा प्याले, तांब्या रिकामा करून पालथा धरला. पारूबाईंनीही घोटभर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला तर काय चवच न्हाई, भाऊ!"

"नगरच्या नळाचं आहे," सासरे म्हणाले, आणि दोघं इतकी हसली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

पाऊस पडेपर्यंत दर रविवारी आम्ही दोन डबे ढकलत नेले. त्या सहा-सात महिन्यांत डोंगरगणचं तिसरं पाणी आमच्या नशिबी आलंच नाही. आमची वाट बाभळीपाशी संपत असे. सासरे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी हल्ली स्कूटरवरून त्या रस्त्याने जातो, बरोबर पाणी असतं आणि कुठेही थांबायची गरज पडत नाही. ते माझ्या मनाला फार लागतं. मागच्या दिवाळीत माळा आवरताना त्यांची वही सापडली. पहिल्यांदा डबे नेले त्या रविवारची नोंद काढून पाहिली. वाकडी बाभूळ, कुत्रं, सगळं नेहमीसारखं होतं, आणि नगरच्या नळाला आयुष्यभर नावं ठेवणाऱ्या त्या माणसाने शेवटी आपल्या बारीक, घड्याळजी अक्षरात लिहिलं होतं, "पारूबाईंकडे पाणी प्यालो. पाणी गोड."