फिरकीची फिकट रेघ

तिचं खरं नाव आता कागदपत्रांपुरतंच उरलं होतं. ती गाडी शिकवायची त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, गल्लीत आणि सासरी सगळे तिला फिरकी म्हणत, कारण समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गाडी शिकायला आलेल्या नवख्या माणसाला ती रिकाम्या मैदानात गंभीर चेहऱ्यानं सांगे, "वळण्याआधी आरशाला नमस्कार करायचा. नियमच आहे तसा." निम्मे लोक खरोखर हात जोडत. मग ही आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून खो खो हसत सुटे.

घरची माणसंही सुटली नव्हती. सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीतून एकदा रबरी पाल निघाली होती. सासरे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हिनं आवाज बदलून फोन केला आणि चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करायला बोलावलं. बिचाऱ्यांनी कोटाला इस्त्रीसुद्धा केली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला एका रविवारी कपड्यांच्या कपाटात कोंडून हिनं बाहेर स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती, 'लिफ्ट बंद आहे, जिना वापरा.'

एकाच गोष्टीवर तिनं कधी मस्करी केली नव्हती. लग्नाला काही वर्षं झाली होती, घरात पाळणा हलावा असं चौघांनाही वाटत होतं आणि चौघंही ते बोलून दाखवत नव्हते. अधूनमधून पाळी लांबली की ती गुपचूप औषधांच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणी. बाथरूमचं दार लावून बघे, एकच रेघ दिसली की पट्टी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाके आणि शीळ घालत बाहेर येई. शीळ ऐकून घरच्यांना वाटे, स्वारी खुशीत आहे.

त्या दिवशी सकाळी मात्र शीळ वाजली नाही. पट्टीवर नेहमीची रेघ ठसठशीत उमटली होती आणि तिच्या शेजारी काहीतरी होतं. रेघ म्हणावी तर धड रेघ नाही, नाही म्हणावं तर डोळ्यांसमोरून हटत नाही. तिनं पट्टी दिव्याखाली धरली, खिडकीशी नेली, तिरकी करून पाहिली. अगदी पुसट, पण गुलाबी. पाकिटावरच्या सूचनेत पाच मिनिटांत निकाल बघा असं लिहिलं होतं, आणि ती त्याच्या आतच बघत होती.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. तिघं चहा पीत बसले होते.

"जरा हे बघता का सगळे?"

नवऱ्यानं पट्टीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि त्याला चहाचा ठसका लागला. "झकास! गुलाबी पेन कुठून पैदा केलंस?"

"अरे, खरंच आहे!"

"मी तर बघणारच नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "ती चष्म्याची डबी उघडल्यापासून तू दाखवलेली कुठलीही वस्तू मी लांबूनच बघते."

"आई, शपथ घेऊन सांगते!"

"शपथ तर तू आरशाच्या नमस्काराचीही घेतेस," नवरा म्हणाला. तिचे डोळे भरून आले, तर हा पठ्ठ्या टाळ्या वाजवायला लागला. "वा! आज तर पाणीसुद्धा!"

सासऱ्यांनी मात्र हात पुढे केला. पट्टी कागदावर ठेवून, भिंग आणून त्यांनी बराच वेळ निरखली. मग मान वर करून निकाल दिला. "ही रेघ हिनं काढलेली नाही."

"कशावरून, बाबा?"

"हिला सरळ रेघ काढता येत नाही. कपाटावरची ती पाटी आठव. 'लिफ्ट' वर होती आणि 'जिना वापरा' पार खाली घसरलं होतं. ही रेघ बघ, कशी ताठ उभी आहे!"

नवऱ्याचा कप हवेतच राहिला. "म्हणजे... खरंच?"

"थांब, उतावळा होऊ नकोस. पट्टीच सदोष असली तर?" सासऱ्यांच्या अंगात आता संशोधक संचारला होता. पाकिटात एक पट्टी उरली होती. सासूबाई नको नको म्हणत असताना त्यांनी ती नळाच्या पाण्यात बुडवली. एकच रेघ आली. "पट्ट्या प्रामाणिक आहेत," असं जाहीर करून त्यांनी ती खिडकीत ठेवली. नवरा गोंधळलेल्या चेहऱ्यानं कामावर गेला. फिरकीही गेली, पण दिवसभर ती जणू गाडीत नव्हतीच.

संध्याकाळी ती परतली तर सासरे खिडकीशी खिन्न बसलेले. पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली होती.

"काय हो हे, या वयात!" सासूबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. "मला आधी सांगायचं तरी!"

तिच्याआधी परतलेला नवरा हसून हसून खाली बसला. फिरकीला एरवी असा मसाला आयता मिळाला असता तर तिनं वर्षभर पुरवला असता. आज तिचा चेहरा पांढरा पडला. नळाच्या पाण्याला रेघ येते, तर मग आपल्या रेघेची काय किंमत?

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. "चल," तो म्हणाला, "दुकानात जाऊन विचारू."

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "ही कुणाची?"

"सासऱ्यांची. म्हणजे, नळाच्या पाण्याची."

"असं का? कितवा महिना त्यांना?" बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. फिरकीला आयुष्यात पहिल्यांदाच तोडीस तोड माणूस भेटलं होतं.

मग बाई नीट बोलल्या. "हिचा रंग बघा, राखाडी आहे. पट्टी वाळली की असा डाग राहू शकतो. म्हणून ठरलेली वेळ टळल्यावर काहीही दिसलं तरी धरायचं नाही. तुमची कधी दिसली?"

"पाच मिनिटांच्या आत. गुलाबी होती."

"मग फिकट असली तरी बहुतेक खरी. दिवस अगदी सुरुवातीचे असले की पुसट येते. मात्र इतक्या लवकर कधीकधी राहिलेलं टिकतही नाही, हेही सांगून ठेवते. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर नवी पट्टी वापरून बघा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासलं की शंका उरत नाही. मध्ये पोटात जास्त दुखलं किंवा रक्त गेलं, तर लगेच दवाखाना गाठा."

परतताना नवरा म्हणाला, "या बाबतीत तू कधीच चेष्टा केली नाहीस. सकाळी माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"यायला हवं होतंच," ती म्हणाली. आणि मग चालता चालता तिनं त्याला कागदात गुंडाळलेल्या सगळ्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. शिळेबद्दलही. त्यानं तिचा हात धरला तो घराचं दार येईपर्यंत सोडला नाही.

मधले दोन दिवस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिनं कुणाचीच फिरकी घेतली नाही, तर शिकणारेच धास्तावले. एका काकूंनी भीत भीत विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का? तुम्ही आज मला काही खोटं सांगितलं नाहीत."

ठरल्या सकाळी बाथरूमबाहेर अख्खं घर उभं होतं. सासूबाईंच्या हातात घड्याळ, सासऱ्यांना भिंगासकट मागच्या रांगेत उभं केलेलं. भिंगाची गरजच पडली नाही. दुसरी रेघ डोळ्यांत भरेल इतकी गडद आली होती. सासूबाईंनी पट्टी चक्क स्वतः हातात घेतली आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला. सासरे खिडकीबाहेर बघत नाक पुसत राहिले. रक्ततपासणीतही तेच निघालं, आणि पुढे सोनोग्राफीच्या पडद्यावर इवलंसं काळीज फडफडताना दिसलं, तेव्हा नवरा तिथल्या स्टुलावरून पडता पडता वाचला.

शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी घरी बसायला बजावलं. पण एका दातांच्या डॉक्टरांचे धडे अर्धवट राहिले होते आणि ते दुसऱ्या कुणाबरोबर गाडीत बसायला तयार नव्हते. एकच धडा, म्हणून ती गेली आणि बाजारपेठेतच कळा सुरू झाल्या. दातांच्या डॉक्टरांना घाम फुटला. फिरकी दात आवळून म्हणाली, "क्लच हळू सोडा... आता डावीकडे... हॉर्न वाजवा, लाजू नका!" गचके खात, दोनदा बंद पडत गाडी प्रसूतिगृहाच्या दारात जाऊन थांबली.

मुलगी झाली, ठणठणीत. निरोप मिळताच धावत आलेला नवरा बातमी सांगायला बाहेर आला तेव्हा दातांचे डॉक्टर गाडीतच बसून होते आणि मागे रुग्णवाहिकेचा चालक भोंगा वाजवत होता. गाडी मागे घ्यायचा धडा त्यांचा अजून व्हायचा होता.