आडवी पाडून पाहिलेली गाडी

“गाडी पडून राह्यली होती त सोडून काऊन नाई दिली?”

“नवी होती!”

“अन् पाय? पाय काय जुना होता?”

हे भांडण संग्रामपूरच्या मनियार गल्लीत सगळ्यांनीच ऐकलं, पण सगळ्यात जवळून ऐकलं ते महेजबीननं. तेव्हा ती फ्रॉक घालायच्या वयाची होती आणि पडद्यामागे बसून बांगड्या दोऱ्यात ओवत होती. पडद्याच्या पलीकडे तिचे अब्बा प्लास्टर घातलेला पाय घेऊन खाटेवर पडलेले, आणि अम्मी, म्हणजे नूरजहां, कमरेवर हात ठेवून उभी. अब्बांनी हौसेनं नवी कोरी मोटारसायकल घेतली होती. उंच, जड, चकाकती. पाय जेमतेम टेकायचे. मागे बांगड्यांची पेटी बांधून ते खेड्यावर निघाले आणि नाल्यात गाडी कलंडली. दुसरा कोणी असता तर उडी मारून बाजूला झाला असता. अब्बांनी एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं पेटी धरली, आणि सगळं घेऊन खाली गेले.

बांगड्या वाढल्या. बांगडीच्या धंद्यात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणायचं. पाय मात्र मोडला असंच म्हणाले. पायासाठी असा मानाचा शब्द अजून कोणी काढलेला नाही.

अब्बा पुढे जन्मभर लंगडत चालले. गाडी विकली गेली, आणि त्या घरात पुन्हा कोणी मोटारसायकलचं नाव काढलं नाही.

आता महेजबीन स्वतः चाळिशी ओलांडलेली, बांगडीवाली भाभी म्हणून डोंगराकडच्या गावांत ओळखली जाणारी. तिचा नवरा सईद मोठा कसबी माणूस, पण साखरेच्या आजारानं त्याची नजर अधू झाली. तो घरी बसून बोटांनी बांगडीचं माप ओळखतो, बांगड्यांचे जोड लावतो. फिरायचं काम हिचं. आजवर सकाळच्या एसटीनं ती जायची, संध्याकाळच्या एसटीनं यायची. पण अलीकडे सकाळची गाडी कधी यायची, कधी नुसती यायची आहे असं सगळे सांगायचे. महेजबीन पेट्या घेऊन फाट्यावर उन्हात उभी राहायची आणि शेवटी पेट्या घेऊन परत यायची.

अशातच मनकर्णाबाईंचा फोन आला. मनकर्णाबाई म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या गावातलं जुनं घर. त्यांच्या लेकींना, सुनांना चुडा भरला तो महेजबीनच्या सासूनं, आणि सासूनंतर महेजबीननं.

“भाभी, आमच्या श्रद्धाचं लगन ठरलं. हळद लागायच्या आत चुडा भरला पाह्यजे.”

“भरतो न, बाई.”

“भरतो म्हणतं, पण येशीन कशी? मागं पाटलाच्या घरी तू पोचली नाई, त त्याईनं बाजारातून तयार बांगड्यांचा डबा आणला अन् पोरीनं आपल्याच हातानं चढवला. मले तसं नाई चालत. पण हळद काई थांबत नसते, सांगून ठेवतो.”

महेजबीननं फोन ठेवला. एका घरानं डबा आणला की दुसरं घर आणतं, आणि मग सगळं गाव हातचं जातं. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं सईदला सांगितलं, “मी गाडी शिकतो.”

सईदच्या बोटांतली बांगडी थांबली. “स्कूटी घे मंग.”

“नाल्यातल्या गोट्यात तिचं चाक बसते. मोटारसायकलच पाह्यजे.”

सईदला सासऱ्याचा पाय माहीत होता. त्या दिवशी त्यानं लावलेले जोड पुन्हा तपासावे लागले.

शिकवायला तयार झाला तो दीर, आसिम. त्याची काळीकुट्ट दांडगी गाडी आणि बाजार समितीचं रिकामं मैदान. महेजबीन बसली की तिच्या पायाची फक्त बोटं टेकायची. क्लच, गिअर हे सगळं तिला लवकर जमलं. शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला हातपाय वेगवेगळे हलवणं काही नवं नसतं. भीती वेगळीच होती. एकदा उभ्या उभ्या गाडी कलंडली, आसिम ओरडला, “सोड, भाभी, सोड!” आणि हिनं हँडल आणखी घट्ट आवळलं. आसिमनं धावत येऊन गाडी सावरली. महेजबीन आपल्या हाताकडे बघत राहिली. बोटं पांढरी पडली होती. अब्बांचाच हात.

तिच्या गुडघ्यांवर लहानपणच्या खुणा आहेत. गल्लीतली सगळी पोरं बांगड्या घेऊन पळताना पडायची, पण पडताना हात वर. गुडघे फुटले तरी माल खाली टेकायचा नाही. मग मोठी माणसं पाठीवर थाप मारायची, शाबास म्हणायची. रक्त पुसायचं नंतर. त्या हाताला सोडायला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि गंमत अशी की, ही बाई गावोगावच्या पोरीबाळींचा हात धरून एकच वाक्य सांगत आलेली: “हात ढिला सोड, माय, ढिला सोड.”

लायसन निघालं. मग सईद, आसिम आणि ती असे तिघं नांदुऱ्याला गेले. मोठं दुकान, काचा, आत ओळीनं गाड्या. आसिम लगेच एका लाल दांडग्या गाडीवर चढून बसला.

“हे घे, भाभी. काय पिकअप हाय! कधीमधी मलेबी कामी येईल.”

“मंग तुह्यासाठीच पसंत करायले आलो का आपण?” सईद म्हणाला.

विकणारा पोरगा हसतमुख होता. त्यानं मायलेज सांगितलं, रंग सांगितले. महेजबीननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबू, हे आडवी पाडता येईन का?”

“काय म्हणता?”

“आडवी. भुईवर. मले एकटीनं उचलून पाहाची हाय.”

दुकानात हशा पिकला. पोरगा हात जोडून म्हणाला, “ताई, असं कसं करता? नवी गाडी आहे!”

नवी आहे. अब्बा खाटेवरून हेच म्हणाले होते. गाडी नवी असली की आपला हात सुटायचा नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. ती बाहेर आली.

आसिम वैतागला. “लोकं गाडी चालवून पाह्यतात. आमची भाभी पाडून पाह्यते!”

रेल्वे फाटकाजवळ मोतीराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो जुन्या गाड्याही विकायचा. त्याला तेच विचारलं तर त्यानं कान खाजवला.

“पाडा न, बाई. यायले सवय हाय पडाची.” आणि त्यानं जमिनीवर बारदाना अंथरला.

पहिली गाडी गुडघ्याच्या वर आली नाही. दुसरी उठली, पण उठता उठता पलीकडे निघाली, आसिमनं धरली. महेजबीनचा घाम ओढणीत मावेना. येणारेजाणारे थांबून बघू लागले. तिला वाटलं, उगाच आलो, बाजारातले डबेच खरे, आपण घरी बसावं.

मोतीराम म्हणाला, “तोंड करून नका उचलू. पाठ लावा तिले. एक हात हँडलले, एक मांगच्या कड्याले, अन् पायानं मांगं रेटा. पोतं पाठीवर घेतो तसं.”

तिसरी गाडी जुनाट लाल होती. टाकी चेपलेली, एक इंडिकेटर गायब. आधीचा मालक बुटका, त्यानं सीटचा फोम कापून ती खाली घेतलेली. महेजबीननं पाठ लावली, डोळे मिटले, रेटा दिला. गाडी कुरकुरत उठली. बसून बघितलं, तर दोन्ही तळवे भुईला टेकले.

“उठली का?” सईदनं विचारलं.

“उठली.”

त्यानं पुढे होऊन टाकीवरून हात फिरवला. “इथं चेपलेली हाय.”

“म्हणूनच घेऊन राह्यली.”

आसिमनं कपाळावर हात मारला. मोतीराम मात्र पुसायचं फडकं घेऊन आला.

घरी येऊन सईदनं पेटी मोडीत काढली. मागे उंच पेटी बांधली तर पाय टाकून बसता येईना. त्यानं बांगड्या कागदात गुंडाळल्या, भुसा भरला आणि दोन्ही बाजूंना लोंबतील अशा पिशव्या, खुर्ज्या, शिवल्या. शिवता शिवता म्हणाला, “उद्या आसिमले संग घेऊन जा.”

“मंग परवा?”

सईदनं दुसऱ्या खुर्जीत सुई घातली.

हळदीच्या दिवशी ती एकटीच निघाली. डांबरी रस्त्यावर ट्रक मागून आला की ती पार कडेला जायची आणि ट्रक गेल्यावरही थोडा वेळ कडेलाच चालायची. ओठ सारखे पुटपुटत होते. गिअर की दुआ, तिचं तिलाच कळत नव्हतं. मग शेतांमधली पांधण लागली, आणि पांधणीच्या शेवटी नाला. नाल्याला पाणी नव्हतं, गोटे आणि वाळू. अब्बांची गाडी कलंडली होती तसलाच. ती काठावर थांबली. परत फिरावं वाटलं. पलीकडे मनकर्णाबाईंच्या गावातला बँड ऐकू येत होता.

तिनं पहिला गिअर टाकला. मध्यावर पुढचं चाक वाळूत रुतलं, हँडल वळलं, आणि गाडी डावीकडे कलू लागली. हळू, अगदी सावकाश. विचार करायला वेळ मिळेल इतकी सावकाश, आणि तेच वाईट. हातानं हँडल आवळलं. दुसरा हात मागे खुर्जीकडे निघालाच. आणि तिनं तोंडानं, मोठ्यानं, स्वतःलाच म्हटलं, “हात ढिला सोड, माय!”

सोडला. पाय ओढून घेतला आणि बाजूला झाली.

गाडी पडली. काच वाजली. काचेचा तो आवाज तिच्या पिढ्यान् पिढ्यांनी कधी उभ्यानं ऐकला नव्हता. ती उभी होती. दोन्ही पाय धड होते.

तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खालची खुर्जी उघडली. लाखेच्या गेल्या, हिरव्यापैकीही बऱ्याच वाढल्या. श्रद्धाच्या मापाच्या किती उरल्या ते कळायला घाम पुसून पुन्हा पाहावं लागलं. चुड्यापुरत्या होत्या, जास्त नाही. एकही वाया घालवता येणार नव्हती. मग गाडीला पाठ लावली. पहिल्यांदा उठली नाही. वाळूत पाय सरकले. खुर्ज्या सोडून बाजूला ठेवल्या, पायाखाली गोटा घेतला, पुन्हा रेटा दिला. उठली.

मनकर्णाबाई दारातच होत्या. हळदीचं भांडं झाकून ठेवलेलं.

“उशीर काऊन?”

“गाडी पडली.”

“बाप्पा! तुले लागलं?”

“नाई.”

“बांगड्या?”

“थोड्या वाढल्या.”

“त्या वाढूच दे. आधी पानी पी.”

श्रद्धा पाटावर बसली. महेजबीननं तिचा हात धरला, पहिली बांगडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. नवरीच्या हातात बांगडी वाढली तर बायका तोंडानं काही बोलत नाहीत, पण बघतात. आणि जादा बांगडी नव्हतीच. ती पोरीचा हात चोळत बसली. श्रद्धानं हळूच विचारलं, “भाभी, तू भेली होती का?”

“लय.”

“मीबी भेली.”

“त्याचं काई नाई. हात ढिला सोड, माय.”

पहिली बांगडी गेली. मग दुसरी. शेवटची चढली तेव्हा मनकर्णाबाईंनी भांड्यावरचं झाकण काढलं.

संध्याकाळी ती संग्रामपूरला परतली. घरी जायच्या आधी रोजचं शेवटचं काम असतं: बेकरीतून खारी घ्यायची आणि अम्मीकडे द्यायची. नूरजहां आता म्हातारी, खाटेवरच असते. इंजिनाचा आवाज दारात थांबला तसा तिनं हातातली तसबीची माळ उशाशी ठेवली.

महेजबीन जवळ येताच अम्मीनं तिचं मनगट धरलं, कोपर चाचपलं, मग वाकून गुडघा. बांगडीला बारीक तडा आहे का ते बघतात तसं.

“पडली का गाडी?”

“पडली.”

“अन् तू?”

“मी बाजूले उभी होती, अम्मी.”

अम्मीनं तिचा गुडघा सोडला. तिनं खारी चहात बुडवली. आज मऊ दिली बेकरीवाल्यानं, म्हणाली, जशी रोज म्हणते. महेजबीननं माठ भरला, त्यावर ताटली ठेवली, ताटलीवर पेला पालथा घातला आणि दार ओढून घेतलं.