फोन आमचे, पत्रं त्यांची

“शिकवल्यानं आजवर कुणाचं वाईट झालंय का?” असं ती एकदा म्हणाली होती, आणि तेव्हा तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

कार्यालयात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हती. शिक्षिका व्हायचं राहून गेलं आणि फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात तिचं आयुष्य गेलं. पण शिकवण्याची खोड गेली नाही. कार्यालयात काहीही नवं आलं की ते आधी ती शिकायची, मग खुर्ची ओढून एकेकाच्या शेजारी बसायची. पहिला संगणक आला तेव्हा माउसला हात लावताना ज्यांचे हात थरथरले, त्यांच्या हातावर तिनं आपला हात ठेवला होता. म्हणून बुद्धिमान यंत्र आलं, पत्रं आपोआप लिहिणारं, तेव्हा साहेबांनी ते शिकवायचं काम तिच्याकडेच दिलं. साहेब वयानं तिच्या भाच्याएवढे. येऊन सहा महिनेही झाले नव्हते. माणसांपेक्षा पडद्यावरचे तक्ते त्यांना जास्त कळत, पण स्वभावानं वाईट नव्हते.

लोक घाबरले होते. तिनं त्यांना हसवलं.

“हे बघा, हे नव्या सुनेसारखं आहे,” ती म्हणाली. “सगळ्याला हो हो म्हणतं, बोलायला गोड, पण मीठ कुठल्या डब्यात आहे ते याला ठाऊक नाही. ते तुम्ही सांगायचं.”

“आणि उद्या सून सासूला घराबाहेर काढते, त्याचं काय?” भोंग्यानं मागून विचारलं. भोंगा म्हणजे विभागातला सगळ्यात मोठा आवाज. संतापलेलं गिऱ्हाईक त्याच्या हाती दिलं की दहा मिनिटांत त्याच्याशी हसायला लागायचं.

“तुला काढायचं तर क्रेन लागेल,” ती म्हणाली. सगळे हसले. खिडकीजवळच्या टेबलावर दौतरावही हसले, आवाज न करता.

दौतरावांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे आहे. ते बोलताना अडखळत. साधं ‘नमस्कार’सुद्धा त्यांच्या ओठांशी येऊन थांबायचं, आणि समोरच्यानं वाट पाहिली की मगच बाहेर पडायचं. फोनवर कोण वाट पाहणार? नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईनं त्यांना फोनवरून ‘थट्टा करतोस का’ म्हणून झापलं होतं. त्या दिवशी भोंग्यानं त्यांच्या हातातून फोन घेतला, आणि तो नंतर कधी परत दिला नाही. त्यांच्या वाटणीचे फोन बाकीचे घेऊ लागले, त्यांच्याच क्रमांकावरून. बदल्यात बाकीच्यांच्या वाटणीची पत्रं ते लिहू लागले, ज्याच्या त्याच्या नावानं. कुणी ठरवलं नव्हतं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या दारातलं पाणी भरावं तसं ते सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. वरच्यांना कधी कळलं नाही. कळण्यासारखं काही बिघडलंच नाही.

आणि पत्रं काय लिहायचे! ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य त्यांनी कधी लिहिलं नाही. ते लिहायचे, ‘तुमचं दूध नासलं, मुलाचं औषध फेकून द्यावं लागलं. ते आम्हाला परत आणता येणार नाही. फ्रिज मात्र उद्या दुपारपर्यंत नक्की सुरू करू.’ लोक वाचून शांत व्हायचे. मास्तरीणबाईला स्वतःला माफीचं पत्र कधी जमलं नाही. तिच्या नावानं गेलेलं प्रत्येक चांगलं पत्र त्यांचं होतं.

साहेब म्हणाले, यंत्राला आपली भाषा शिकवायची आहे, चांगली पत्रं निवडून द्या. ती मन लावून बसली आणि निवडत गेली. निवडताना तिला माहीत होतं की ही सगळी एकाच माणसाची पत्रं आहेत. वर नावं मात्र दहा जणांची होती, म्हणून विचारायला कुणाकडे जावं हा प्रश्नच तिच्या मनात आला नाही. निदान तिनं तो येऊ दिला नाही.

पंधरवड्यात यंत्र लिहू लागलं. भोंग्यानं त्याला एका बिघडलेल्या धुलाईयंत्राची तक्रार दिली आणि पडद्यावर आलं, ‘तुमचे ओले कपडे बादलीत तसेच राहिले, आणि सकाळी घालायला काही नव्हतं, हे आम्हाला कळतं.’ भोंगा मोठ्यानं वाचत होता. मध्येच त्याचा आवाज खाली आला. दौतराव उठून मागे येऊन उभे राहिले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

“ब... बरं लिहितंय,” ते म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी ती घरी जेवली नाही. नवरा बसच्या आगारातून निवृत्त झालेला, इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. ताट झाकून ठेवत म्हणाला, “अगं, तू शिकवलंस, ते शिकलं. मशीन असो की माणूस, चांगल्या मास्तराकडे शिकलं की चालतंच.”

“मी नाही शिकवलं. त्यांच्याकडून घेतलं आणि दिलं.”

“मग सांग त्यांना तसं.”

“त्यांना माहीत आहे हो. तेच तर.”

नवऱ्यानं झाकलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, “जेवून घे. उपाशी पोटी पश्चात्ताप पचत नाही.” एरवी ती हसली असती.

खरं नुकसान काय झालं ते तिला हळूहळू दिसलं. यंत्र सगळ्यांचीच पत्रं लिहू लागलं, तेव्हा दौतरावांकडे पत्र घेऊन कुणी जाईना. आणि पत्रं त्यांच्याकडे जाईनात, तेव्हा त्यांचा फोन उचलायला कुणी येईना. कुणी मुद्दाम केलं नाही. हातातलं काम बदललं, पाय दुसरीकडे वळले. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजत राहायचा. भोंगा दोनदा धावला, तिसऱ्यांदा त्याच्याच कानाला फोन होता. दौतराव वाजणाऱ्या फोनकडे बघत बसत. ती दुरून त्यांच्याकडे बघत बसे, आणि शिकवण्यात गुंतल्यासारखं दाखवी.

मग साहेबांनी नवी व्यवस्था सांगितली. पत्रं यंत्र लिहील. बाहेर जाण्याआधी पत्रं वाचायला एकच तपासनीस राहील. बाकी सगळे फोनवर. फोन ज्याला जमणार नाही त्याला कंपनी ठेवू शकत नाही. साहेबांनी गेल्या वर्षभराचा तक्ता काढला होता, त्यात पत्रांमध्ये भोंगा पहिला होता आणि फोनमध्ये दौतराव.

“फोनवर त्यांचा हात धरणारा कुणी नाही,” साहेब तिला कौतुकानं म्हणाले. “गिऱ्हाइकांनी दिलेले गुण बघा. माणूस अबोल, पण फोनवर जादू दिसतेय.”

तेव्हाच सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलंही, पण त्या तक्त्यात तिचंही नाव पत्रांच्या वरच्या ओळींत होतं. “हो,” ती म्हणाली, “अबोल आहेत.” आणि बाहेर आली.

जिन्यात तिनं भोंग्याला गाठलं.

“तपासनीस दौतरावच हवेत. तू सांग साहेबांना, पत्रं त्यांची होती म्हणून.”

“मास्तरीणबाई, म्हणजे मी खोटी नोंद केली हे मीच सांगू? माझी पोरं अजून शिकताहेत.”

“आणि त्यांचं काय?”

“मी त्यांचे फोन घेतले ना इतकी वर्षं? फुकट नाही लिहिली त्यांनी.” मग आवाज उतरवून म्हणाला, “तुम्ही सांगा आधी. तुमची पत्रंही त्यांचीच होती की.” तो खाली उतरला. कठड्यावर हात ठेवून ती तिथंच उभी राहिली. तो खोटं बोलला नव्हता.

आठवडाभर तिनं स्वतःला रोज सांगितलं, उद्या. त्या आठवड्यात दौतरावांनी घरून एक कागद लिहून आणला होता. फोन उचलल्यावर काय बोलायचं ते सुवाच्य अक्षरात. तो समोर ठेवून ते ओठ हलवत. फोन वाजला की ओठ थांबत.

शेवटी साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. लांब टेबल, काचेचं दार, भिंतीवर तोच तक्ता. साहेबांनी तपासनीस म्हणून भोंग्याचं नाव घेतलं. टाळी वाजवायला कुणी हात उचलायच्या आत ती उभी राहिली.

“साहेब, माझ्या नावावरची पत्रं मी लिहिलेली नाहीत. दौतरावांनी लिहिलीत. आमच्या सगळ्यांचीच त्यांनी लिहिलीत. त्यांचे फोन आम्ही घेत होतो. तुमचं यंत्र जे बोलतं ना, ते त्यांचं बोलणं आहे, आणि ते मी त्यांना न विचारता दिलंय.”

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“सगळ्यांचीच?” साहेब गोंधळले. “कुणी सांगेल का मला हे?”

भोंगा टेबलाच्या लाकडाकडे बघत होता. त्याच्या शेजारची बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. एकानं घसा खाकरला, आणि लोक त्याच्याकडे बघू लागले तेव्हा तो पाणी प्यायला.

“दौतराव,” साहेब म्हणाले, “तुम्हीच सांगा. हे खरं आहे?”

दौतरावांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भोंग्यापासून सुरुवात करून. त्यांची नजर तिच्यापाशी येऊन थोडी थांबली. मग बोलायला लागले. पहिलं अक्षर आलं आणि अडकलं. मानेची शीर ताणली गेली. त्यांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, हा तिथला जुना रिवाज होता, आणि तो त्या दिवशीही सगळ्यांनी पाळला. साहेबांना पहिल्यांदाच कळत होतं की हा माणूस अबोल का आहे. ते तक्त्याकडे आणि परत त्यांच्याकडे बघत राहिले.

“प... पत्रं,” दौतराव म्हणाले, “ज्... ज्याची त्यानं लिहिली. ब... बाईंना उगीच... वा... वाईट वाटतंय. म... मला फोन जमत नाही. एवढंच आहे.”

इतकं मोठं ते त्या कार्यालयात कधी बोलले नव्हते.

भोंग्यानं डोळे मिटून घेतले. बाकीच्यांचे खांदे सैल पडले, आणि ते तिला दिसले. साहेबांनीही श्वास सोडला, कारण त्यांना तक्ता पुन्हा काढावा लागणार नव्हता. मग त्यातले दौतरावांचे फोनचे गुण कुणाचे, हे त्यांनी विचारलं नाही. ते तिच्याकडे वळून समजुतीनं म्हणाले, “तुम्ही फार मनाला लावून घेता, मास्तरीणबाई. बसा. दौतरावांना महिनाभर संधी देऊ या. तुम्हीच त्यांच्या शेजारी बसून फोन शिकवा. तुमच्याकडून शिकला नाही असा कुणी आहे का?” आणि त्यांनी कानाला लावायचा नवा फोन, प्लास्टिकच्या वेष्टनातला, टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

तो तिच्या हाताशी येऊन थांबला. ती अजून उभीच होती. तिनं दौतरावांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली आणि आपली खुर्ची थोडी पुढे ओढून तिला मागून जायला वाट करून दिली. टेबलावरच्या नव्या फोनला हात न लावता ती त्या वाटेनं गेली, काचेचं दार लोटलं, आणि बाहेर पडली.