माझ्या मुलीचे गुरुजी

शेन गेल्याचं मला सईने फोनवर सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, ती नुसती रडत होती आणि मधूनच "बाबा, शेन लाओशी..." एवढंच म्हणत होती. लाओशी म्हणजे चिनी भाषेत गुरुजी. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्याही आधी जे मनात आलं ते सांगून टाकतो. मी गेल्यावर माझी मुलगी इतकी रडेल का?

नॉर्थ यॉर्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो चार मजले वर राहायचा. मोठा संगीतकार. चीनमधल्या एका नदीकाठच्या गावात त्याचे वडील नाटकमंडळीत झांज वाजवायचे, आणि इथल्या ऑर्केस्ट्रांसाठी लिहितानाही शेन ती झांज विसरला नव्हता. अर्ध्या तासाच्या रचनेत ती एकदाच वाजायची आणि सगळा हॉल तिच्यासाठी श्वास रोखून बसलेला असायचा. मी नोकरी सांभाळून जन्मभर ख्याल गायलो. इथल्या मराठी मंडळात माझा विलंबित सुरू झाला की लोकांना बटाटेवड्यांची आठवण व्हायची. हेवा वाटू नये तर काय...

सईला पहिला सा मीच दिला. शाळेआधी उठवून पलटे घोटून घेतले. बाराव्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, इट्स सो बोअरिंग," आणि वर शेनकडे रचना शिकायला जाऊ लागली. तो तिच्याकडून चार ओळी लिहून घ्यायचा आणि त्यातल्या तीन खोडायला लावायचा. माझ्याकडे पाच मिनिटांत जांभया देणारी मुलगी तिथे रविवारच्या रविवार खोडत बसायची.

एका गुरुपौर्णिमेला ती पेढे घेऊन वर गेली आणि त्याच्या पाया पडली. ही रीत तिला मीच शिकवलेली. संध्याकाळी शेन मला लिफ्टमध्ये भेटला, तो काळजीत. "शी बेंट डाउन. आय थॉट शी लॉस्ट ॲन इअररिंग," म्हणाला. बिचारा स्वतःही खाली बसून गालिचा चाचपत राहिला होता. मी हसत हसत त्याला अर्थ सांगितला. तो गंभीर झाला. "देन इट बिलॉन्ग्ज टू यू. यू वेअर फर्स्ट." एवढा मोठेपणा दाखवायची काय गरज होती? माणसाने थोडं तरी वाईट असावं, म्हणजे हेवा करणाऱ्याची सोय होते.

परवा सई घरी आली होती. चहा झाल्यावर, कितीतरी वर्षांनी, आपणहून म्हणाली, "बाबा, गा ना काहीतरी." मी यमन घेतला. आवाज आता थकलाय, पण त्या दिवशी लागला. पहिला आलाप संपवून मी लगेच दुसरा उचलणार, तोच तिने बोट वर केलं.

"वेट, बाबा. लेट इट फिनिश. शेवटचा सूर अजून आहे."

शिकवताना शेन असंच बोट वर करायचा. मी थांबलो. मला फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती. सई मात्र डोळे मिटून बसली होती, आणि माझ्या गाण्यासमोर ती इतकी शांत कधीच बसली नव्हती. सूर माझा होता. तो असा ऐकायला तिला शेनने शिकवलं होतं.