कंपनीत धुतलेली पाइनची फळं

अख्ख्या कंपनीत माझ्याएवढा स्वच्छ माणूस नव्हता. त्या स्वच्छतेपायीच नोकरी जायची वेळ आली.

सॉफ्टवेअरची कंपनी, मी तिथं साफसफाईला. खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुजायची, ही आपली रीत. पण कॉम्प्युटर काही मला धुऊ देईनात. मग मोठ्या मॅडमच्या टेबलावरची परडी दिसली. त्यांनी सिमल्याहून हौसेनं आणलेली पाइनची फळं, लाकडासारखी वाळकी, खवला न् खवला फुललेला. मॅडम रजेवर. घातली बादलीत, साबणासकट, आणि पूजा उरकून आलो.

बघतो तर सगळ्या फळांनी खवले मिटून मुठी आवळलेल्या! दसऱ्याची सुट्टी संपली की मॅडम हजर. फळं पिशवीत टाकली, बसनं वारज्याला घर गाठलं आणि चमच्यानं उघडायला बसलो. एक खवला कटकन तुटला.

"बाबा, चमचा ठेवा खाली," मुलगी म्हणाली. ती अकरावी सायन्सला. मी शाळेत गेलो ते फक्त तिला सोडायला. तिनं तुटका खवला ब्लेडनं उभा चिरला. "हे दोन थर बघा. बाहेरचा पाणी पिऊन लांब होतो, आतला फारसा होत नाही. मग खवला आत वळतो आणि फळ मिटतं. वाळलं की बाहेरचा आखडतो, खवला परत मागं ओढतो. कोरड्या हवेत बी उडून जावं म्हणून."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"मेलेलीच आहेत. बांधणीच तशी आहे."

दसऱ्याला लोक सोनं वाटत होते, मी पत्र्यावर फळं राखत होतो. ऊन कडक. दुपारपासून एकेक खवला सुटू लागला, संध्याकाळी फळं पहिल्यासारखी!

दुसऱ्या दिवशी गुपचूप ठेवून यायचं, तर तोंड कुठलं गप्प बसतंय? मॅडमना सगळं सांगितलं, दोन्ही थरांसकट. भोवती इंजिनिअर जमले. त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं! "माझ्या मुलीनं शिकवलं," मी छाती फुगवून म्हणालो.

मॅडमनी एक फळ उचललं, तुटक्या खवल्याच्या जागी बोट ठेवलं.

"मुलगी हुशार आहे. यापुढे तिला विचारल्याशिवाय इथली एकही वस्तू धुवायची नाही."