भिंतीवरचं हरीण

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला राहायला आलो तेव्हा हॉलची भिंत रिकामी दिसते म्हणून मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक लाकडी हरीण आणलं होतं. उंच शिंगं, नक्षीदार आयाळ. चार वर्षं ते सोफ्याच्या वर लटकत होतं.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिथे पेशंटना व्हीलचेअरवरून ने-आण करणारे एक गृहस्थ आहेत, माझ्या वडिलांच्या वयाचे, मूळचे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे. एका रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. हॉलमध्ये शिरले आणि थबकलेच.

"हे खाली काढू का?" त्यांनी विचारलं.

हरीण उलटं करून त्यांनी तळाच्या भोकांवरून अंगठा फिरवला. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. "हे विकायला केलेलं नाही. कुणीतरी टोपीला बांधून डोक्यावर घेतलंय."

आमटी निवत गेली, ते बोलत राहिले. त्यांच्या गावात मानतात की माणसाला शेती हरणाने शिकवली, खुरांनी जमीन उकरून दाखवली. म्हणून शेतीच्या दिवसांत शेतात जोडी नाचते, एक नर आणि एक पाठीवर पाडस घेतलेली मादी. नाचणाऱ्यांचं अंग काळ्या धाग्यांनी पूर्ण झाकलेलं असतं.

"माझे वडील नाचायचे. मला ठाऊक असायचं, पण हाक मारायची नाही. त्या वेळी ते माझे वडील नसायचे."

"डिड यू एव्हर डू इट?" माझ्या मुलीने विचारलं.

"शिकायला शहरात गेलो. राहून गेलं."

मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "तुम्हीच घेऊन जा ना."

"फ्लॅटमध्ये नेऊन काय करू? तिथेही भिंतीवरच लटकेल."

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या ओळखीच्या, मालीच्याच काही कुटुंबांना कौन्सिलच्या बागेत भाजी पिकवायला वाफे मिळाले होते आणि आता भेंडी धरली होती. "आता दे," ते म्हणाले.

त्या शनिवारी आम्ही मायलेकी हरीण चादरीत गुंडाळून घेऊन गेलो. मादी नव्हती, ते एकटेच नाचले. दोन हातांत दोन काठ्या, हरणाच्या पुढच्या पायांसारख्या. कंबरेत वाकून, गुडघे दुखत असतानाही, ते भेंडीच्या ओळींमधून माती उकरत पुढे सरकत होते. मुलीने मोबाइल काढला आणि आपणहून परत खिशात ठेवला.

मग बायका गाऊ लागल्या. ज्याचं पीक सगळ्यांत चांगलं त्याचं नाव गाण्यात घेतात म्हणे. त्या दिवशी नाव निघालं एका वाकलेल्या आजींचं. त्या इतक्या लाजल्या की मातीच्या हातांनीच त्यांनी तोंड झाकून घेतलं.