अर्थिंगकाकांचा कान

अर्थिंगकाकांकडे कुठलंही यंत्र न्या, ते आधी यंत्राकडे बघतच नसत. "अर्थिंग कुठनं घेतलंय?" हा पहिला प्रश्न. मग तुम्ही गिटारचा अॅम्प्लिफायर आणलेला असो की देवळाचा भोंगा. या प्रश्नापायी नाशिक रोडच्या आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांत त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीतल्या घराच्या गॅलरीत टेबल मांडलं होतं. तिथे सोल्डरचा धूर आणि काकूंची फोडणी यांचं सदैव भांडण चाले.

मी तेव्हा गिटारच्या शिकवण्या घ्यायचो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचो. माझ्याकडे एक जुनं इको पेडल होतं. पायाने दाबलं की एकच सूर तीन-चारदा उमटत विरत जाई. कुणा मुंबईच्या वादकाकडून सेकंडहँड घेतलेलं, म्हणजे दुखणंच विकत घेतलं होतं म्हणा ना. एकदा दिंडोरीच्या लग्नात ऐनवेळी त्याला हमिंग सुटलं, सुरामागे सारखी घूंऽऽ अशी घरघर. मी मंगल कार्यालयाच्या फोनवरून काकांना गाठलं. "रिसीव्हर स्पीकरकडे धरा," ते म्हणाले. क्षणभर ऐकलं आणि सांगितलं, "पेडलला काय झालं नाय, मास्तर. एलिमिनेटर काढा न् पिन उलटी घाला." पेडलला वीज पुरवणाऱ्या त्या डबीची पिन काढून उलटी घातली. हमिंग गेलं. तो कान असा होता, आणि काकांना त्याचा गर्वही होता.

पिन उलटी करून भागत नसे तेव्हा त्यांची पद्धत ठरलेली. "घाई करायची नाय. एकेक सुटं करत जायचं. ज्याला सोडल्यावर गप्प होतं, तो चोर." त्या वेळी घरात टाचणी पडलेली चालत नसे. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅसही बंद. "यांच्या कानापायी मी जन्मभर अर्धकच्चा भात खातेय," काकू म्हणत, पण गॅस बंद करत.

पुढे, मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले त्या सुमारास, पेडल खरखरायला लागलं म्हणून काकांकडे दिलं, आणि दुरुस्त होऊन आलं ते मळकट वाजू लागलं. गिटारची धार गेली, कुणी तिच्यावर घोंगडी टाकावी तसं. काका मात्र वाजवून म्हणाले, "टोन बघा, कसा मोकळा झालाय!" मी मान डोलावली. वर्षभर प्रत्येक कार्यक्रमात अॅम्प्लिफायरचं ट्रेबल वाढवून वेळ मारून नेली. त्यांचं मन मोडायला नको, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी भित्रा होतो.

एका रविवारी दुपारी त्यांनीच मला बोलावून घेतलं. मी परवा तपासणीला ठेवून गेलेलं पेडल वाजवून बघताना त्यांना बारीक हमिंग ऐकू आलं, म्हणाले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी गिटार सोडली. पेडल सोडलं. एलिमिनेटर काढला. अॅम्प्लिफायर बंद केला. शेवटी उठून मेन स्विच खाली ओढला.

"लाइट गेली का हो?" काकूंनी आतून विचारलं.

काका खुर्चीत बसले. "अजून येतंय, मास्तर," ते म्हणाले. हातातली वायर टेबलावर ठेवली. मग हळूच, "आता सोडायला काही उरलं नाय."

त्या दिवसापासून त्यांनी काम घेणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, हमिंग कानातलंच आहे, वयाने कान उतरलाय; आणि गोळ्या दिल्या. मी महिन्याभराने गेलो, तर पंखा आणि रेडिओ दोन्ही चालू. ज्या घरात कुकरला शिट्टी काढायची चोरी, तिथे रेडिओ नुसता खरखरत होता. "गोंगाटात ते जरा दबतं," काका म्हणाले. त्यांच्या कानाशी जाऊन मी मोठ्याने सांगितलं, की पेडल वर्षभर मळकट वाजतंय आणि मी गप्प बसलो.

मला वाटलं, खचतील. ते चिडले. "मशिनचा दोष कधी लपवला का आपण? मग माझा का लपवलात?" आणि लगेच, "आणा ते इकडं. तुम्ही ऐका, मी बघतो."

मी घरून पेडल आणि गिटार घेऊन आलो. तारा छेडत राहिलो आणि ते झाकण उघडून एकेक सुटं करत गेले. दर वेळी माझ्याकडे बघत, मी नाही म्हणून मान हलवी. एका कंडेन्सरशी त्यांचा हात थांबला. "हा तर मीच टाकलाय. खरखर मारायला. मोठा पडला, खरखरीबरोबर धारही खाल्ली." त्यांनी त्याचा एक पाय सोल्डरमधून सोडवला आणि खोलीत गिटार एकदम लखलखीत वाजली. काकूसुद्धा बाहेर आल्या.

काकांना तो फरक ऐकू आला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आला?"

"आला, काका."

"मग झालं," ते म्हणाले, आणि झाकणाचे स्क्रू लावायला घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. पेडल अजून माझ्याकडे आहे आणि टोन अगदी स्वच्छ आहे. आजही ते लावलं, की सूर नीट आला तरी मी पहिल्यांदा समोर बघतो. आला, असं सांगायला समोर कुणी नसतं.